रोहिणखेडच्या जांभळ्या झुली

बी.एस्सी.च्या पोरांना ऑरगॅनिक शिकवताना मी दर वर्षी एक गोष्ट सांगतो. धडा रूक्ष आहे. कार्बनच्या अणूचा एक हात तुटतो, अंगावर विद्युतभार येतो, आणि त्या अवस्थेत तो क्षणभर जगून लगेच कशाला तरी चिकटून जातो. अशा अवस्थांपैकी कुठली जास्त टिकते, कुठली कमी, आणि का, एवढाच तो धडा. दुपारच्या तासाला पोरं पेंगायला लागतात. तेव्हा मी खडू खाली ठेवतो आणि सांगतो की एका गावात एक रंगारी होता. पोळ्यासाठी त्यानं बैलांच्या झुली जांभळ्या रंगवल्या आणि त्याच्या घरातल्या एका बाईनं चुकून धुण्याचा सोडा पाण्यात टाकला. झुली पांढऱ्या पडल्या. मग कॉलेजात शिकणाऱ्या दोन पोरांनी चिंचेच्या पाण्यानं रंग परत आणला. वर्ग जागा होतो. मागून कोणीतरी विचारतंच, "सर, त्यातले एक तुम्ही होते काय?" मी नुसता हसतो.

या गोष्टीतलं एक वाक्य खोटं आहे. सोडा त्या बाईनं टाकला नव्हता. मी टाकला होता.

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोला माहीत नाही. ज्या मित्राच्या घरी हे घडलं त्याला माहीत नाही, आणि त्याच्याशी माझी दोस्ती अजून आहे. मी मुळातच कमी बोलणारा आहे असं लोक समजतात. समजू देत. कमी बोलण्याचं कारण प्रत्येक वेळी स्वभावच असतो असं नाही.

मित्र रोहिणखेडचा, मी देऊळघाटचा. कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहत होतो. राज्य तेव्हा नवं होतं. कॉलेजातल्या छापील अर्जांवरचं मुंबई राज्य शाईनं खोडून वर महाराष्ट्र लिहिलेलं असे. खोलीत एक टेबल, एक कंदील आणि दोघांत मिळून एक पुस्तक. पुस्तक इंग्रजी. तो मोठ्यानं वाचायचा आणि मी त्याचं वऱ्हाडीत करायचो, किंवा मी वाचायचो आणि तो करायचा. ज्याला आज कार्बोकॅटायन म्हणतात त्याला तेव्हाच्या पुस्तकात कार्बोनियम आयन म्हणायचे. मित्र त्याला सरळ "तीन हाताचा कार्बन" म्हणायचा.

त्याचे वडील रंगारी. मी त्यांना चाचा म्हणत असे. आई तो लहान असतानाच गेलेली. त्याला वाढवलं ते त्याच्या फुप्पीनं, म्हणजे वडिलांच्या बहिणीनं. नवरा गेल्यावर ती भावाकडे परत आली होती आणि घर आणि रंगाचं अंगण दोन्ही सांभाळत होती. घराच्या मागे विहीर, विहिरीपाशी दोन भट्ट्या, भट्ट्यांवर तांब्याचे हंडे आणि भिंतीलगत मातीच्या तीन मोठ्या नांदी, म्हणजे रुंद तोंडाचे रांजण. रंग धरावा म्हणून हिरड्याच्या पाण्यात भिजवलेलं कापड आधी हंड्यात जायचं, मग नांदीत धुतलं जायचं आणि मग दोरीवर. अंगणातल्या मातीला ठरावीक असा रंग नव्हता. कोंबड्यांचे पायसुद्धा कधी लाल, कधी जांभळे असत.

फुप्पीचं एक कसब होतं. हंड्यातलं कापड काठीनं उचलून त्याच्या टोकाचा थेंब ती अंगठ्याच्या नखावर घ्यायची, नख उन्हात धरायची आणि सांगायची, "अजून अर्धा घंटा." किंवा नुसतं, "काढा." चाचांचा हात तीस वर्षांचा होता, तरी थेंब पाहायला ते बहिणीलाच हाक मारायचे. गिऱ्हाईक समोर असलं तरी मारायचे. गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि तिलाही तिचा अभिमान होता. नांदीजवळच्या लाकडी पाटावर ती बसायची, आणि तो पाट तिचाच होता. चाचा त्यावर बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

माझ्यावर तिची माया होती. पहिल्यांदा गेलो तेव्हा जेवायला काय घालावं याचा तिनं कोणाला न विचारता विचार केला आणि बाजारातून एक नवा गंज, म्हणजे वरणाचं पातेलं, आणला. त्या गंजात माझ्यापुरतं वरण शिजायचं, दुसरं काही कधी शिजलं नाही. "तुह्या मायले सांगजो, वेगळ्या गंजातलं खाल्लं म्हना," ती म्हणायची. मी आईला सांगितलं. आईनं दुसऱ्या वेळी माझ्याबरोबर हरभऱ्याची डाळ बांधून दिली आणि म्हणाली, "तिच्या हातात दे, अन् सांग आमच्या वावरातली हाये." त्या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. डाळ आणि निरोप मात्र जात-येत राहिले.

आता पोळ्याकडे येतो.

आदल्या वर्षी आमच्या घरच्या दोन बैलांच्या झुली मी हौसेनं चाचांकडून रंगवून नेल्या होत्या. जांभळा रंग असा की बघत राहावं. पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहिले आणि भुरभुर पाऊस आला. आमचा एक बैल पांढराशुभ्र. अर्ध्या तासात त्याच्या पाठीवरून पोटापर्यंत जांभळे ओघळ उतरले. तोरणाखाली झडत्या म्हणायची आमच्याकडे रीत आहे. सवालजवाबासारख्या, एकमेकांना चिडवत. त्या वर्षी एकानं तिथल्या तिथे जोडली:

"धवळा न्हाला जांभळीत, रंगारी बसला कांबळीत!"

सगळं गाव हसलं. वडील घरी येऊन म्हणाले, "का बे, तुह्या दोस्ताच्या बापानं आमच्या बैलाले शाई फासली?" पुढे महिनाभर तो बैल शिक्का मारलेल्या पाकिटासारखा हिंडत होता.

मी हे चाचांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी फुप्पीकडे पाहिलं आणि फुप्पी म्हणाली, "हिरडा कमी पडला आसन. औंदा ज्यादा घालू." त्यांच्यासाठी ती थट्टेची गोष्ट नव्हती, हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

झुली पांढऱ्या पडल्या त्या वर्षी, पोळ्याच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी, मी मित्राबरोबर रोहिणखेडला गेलो. आसपासच्या गावांतल्या झुली येऊन पडल्या होत्या, त्यात आमच्याही दोन. रंगाचा नवा डबा नांदुऱ्याहून आलेला. नांदुऱ्याच्याच एका वेगळ्या दुकानात काही दिवसांपूर्वी मी दुसऱ्या एका नव्या जातीच्या रंगाचा कागद वाचला होता. त्यावर लिहिलं होतं की रंगवून झाल्यावर सोडा घाला म्हणजे रंग पक्का बसतो. तो रंग वेगळा, त्याची जात वेगळी, त्याचं कापडाशी नातं वेगळं, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच कळलं की सोड्यानं रंग पक्का होतो आणि ही गोष्ट तीस वर्षं रंगवणाऱ्या माणसाला माहीत नाही. वसतिगृहात कपडे धुवायला आणलेल्या सोड्याची पुडी मी पिशवीत टाकली.

मी चाचांना आधी विचारलं, हे खरं आहे. म्हणालो, "चाचा, धुवायच्या पान्यात थोडा सोडा टाकला तं रंग जानार नाही."

चाचा हंड्याखाली लाकूड सारत होते. वर न बघता म्हणाले, "तुमच्या कालेजात झुली रंगवतेत काय बे?"

मित्र खो खो हसला. फुप्पीही तोंडावर पदर धरून हसली आणि म्हणाली, "राहू दे न भाई, पोरगं शिकून राह्यलं. उद्या सायेब झाल्यावर आपल्यालेच शिकवन."

मी ओशाळलो. आणि मला राग आला. राग कसला, तर आपण शिकलेले आहोत आणि इथे कोणी मानत नाही, याचा. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला याहून मोठं कारण लागत नाही.

दुपारी चाचा आणि मित्र लाकडं आणायला गेले. झुली कोमट पाण्याच्या नांदीत शेवटच्या धुण्यासाठी पडल्या होत्या. फुप्पी नमाजाला उठली. उठताना म्हणाली, "बाबू, जरा नांदीकडे ध्यान ठेवजो. कोंबड्या पडतेत पान्यात."

ती आत गेली. मी पुडी काढली आणि सगळीच्या सगळी नांदीत रिकामी केली. उजव्या हातानं ढवळलं. कागद भट्टीत टाकला. तेवढ्या वेळात एकही कोंबडी आली नाही.

मला वाटलं होतं की संध्याकाळी झुली बघून सगळे म्हणतील, औंदा रंग पक्का बसला, आणि मग मी सांगेन. पण तासाभरानं फुप्पीनं काठीनं पहिली झूल उचलली आणि तशीच हातात धरून उभी राहिली. जांभळं काही उरलं नव्हतं. मळकट, पिवळसर पांढरं ओलं कापड. दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्या तशाच. चाचांनी नांदीत हात घालून पाणी ओंजळीत घेतलं आणि बघितलं. पाण्यातही म्हणावा तसा रंग नव्हता. रंग कापडात नाही, पाण्यात नाही, मग गेला कुठे? त्यांच्या आयुष्यात असं झालं नव्हतं.

"डबाच खोटा," ते शेवटी म्हणाले. "नांदुऱ्याच्या त्या दुकानदारानं मिलावटी माल देल्ला."

सगळ्यांना ते पटलं. मलाही सोयीचं होतं. नांदुऱ्याचा दुकानदार मी कधी बघितला नव्हता; त्याच्यावर आळ गेला तर गेला.

संध्याकाळी जेवणाआधी फुप्पी माझ्या हातावर पाणी घालत होती. त्या घरात दिवसभर राहिलं की सगळ्यांचीच बोटं जांभळी होत, माझीही सकाळी झाली होती. ती पाणी घालता घालता थांबली. माझा उजवा हात तिनं उलटा-सुलटा केला. "तुहे हात तं एकदम साफ झाले रे बाबू," ती म्हणाली. "आमचे तं कबरीत बी असेच जातीन." आणि हसली. मीही हसलो. डावा हात जांभळाच होता. उजव्याचा रंग सोड्याच्या पाण्यानं नेला होता, पण हे का झालं ते तेव्हा तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

मित्रानं आपल्या परीनं शहाणपणाची गोष्ट केली. पांढऱ्या पडलेल्या एका झुलीचा ओला तुकडा आणि डब्यातली चिमूटभर पूड घेऊन तो सोमवारी मलाही ओढत आमच्या ऑरगॅनिकच्या सरांकडे गेला. डबा मिलावटी आहे असं सरांनी सांगितलं की दुकानदाराशी भांडायला बरं.

सर पुण्याकडचे. नवीनच आले होते. आमची भाषा त्यांना कळायची नाही आणि त्यांची आम्हाला फार स्वच्छ वाटायची. पण माणूस जीव ओतून शिकवायचा. त्यांनी पूड पाण्यात टाकली, जांभळीगर्द झाली. "रंग उत्तम आहे," ते म्हणाले. मग ओल्या तुकड्यावर लाल लिटमसचा कागद दाबला. तो निळा झाला. सरांचे डोळे चमकले. "बुधवारी तासाला या. दोघंही. हा तुकडा मला द्या."

बुधवारी त्यांनी सबंध वर्गासमोर परीक्षानळीत जांभळा रंग घेतला, दाताच्या दवाखान्यात तोंड आल्यावर लावतात तसा. त्यात दाहक सोड्याचे थेंब टाकून ते थांबले. "बोलू नका, नुसतं बघा." रंग हळूहळू फिका झाला, मग नाहीसा. पाणी स्वच्छ. वर्गातून एक जण म्हणाला, "मेला काय जी?"

"मेला नाही! त्यातच आहे!" सर ओरडलेच. मग फळ्याकडे वळून त्यांनी जे समजावलं ते मी आजही जवळपास तसंच समजावतो.

कार्बनला चार हात. त्यातला एक सुटला आणि जाताना दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन गेला की कार्बन उणा पडतो, धन भाराचा होतो. असा कार्बन एकटा असेल तर टिकत नाही, डोळ्याचं पातं लवण्याआधी संपतो. शेजारी दुसरे कार्बन असतील तर ते आपल्याकडचं थोडं त्याच्याकडे सारतात आणि त्याचा भार हलका होतो. एक शेजारी असण्यापेक्षा दोन बरे, दोनांपेक्षा तीन. आणि शेजारी साधे नसून बेन्झिनच्या कड्या असतील, कड्यांच्या टोकाला नायट्रोजन असतील, तर भार एका जागी राहतच नाही. सगळीकडे पसरतो. असा कार्बन इतका स्थिर होतो की त्याला डब्यात भरून नांदुऱ्याला विकता येतं. "तुम्ही ज्याला जांभळा रंग म्हणता," सर म्हणाले, "तो म्हणजे अडचणीत सापडलेला, पण शेजाऱ्यांनी धरून ठेवलेला एक कार्बन आहे. भार पसरलेला असतो, म्हणून तर रंग दिसतो."

आणि सोडा? सोड्याचं हायड्रॉक्साइड येऊन नेमकं त्या मधल्या कार्बनला चिकटतं. चौथा हात भरला. भार गेला, पसरणं थांबलं, रंग गेला. रेणू तिथेच आहे. आम्ल घाला, तो चिकटलेला भाग सुटतो, पुन्हा जांभळा. सरांनी आम्ल टाकलं, उत्साहात जरा जास्तच, आणि नळी हिरवी झाली. "अरे, अरे, हे फार झालं!" म्हणत त्यांनी पाणी ओतलं. वर्ग हसला. आणि मग नळीत परत जांभळा आला. मी तसा रंग त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिला नाही. सगळे नळीकडे बघत होते, मी माझ्या उजव्या हाताकडे.

सर मित्राकडे वळले. "तुमच्या वडिलांचा डबा निर्दोष आहे. पाण्यात कुठून तरी सोडा गेला. शोधा."

खोलीवर परत जाताना मित्र उड्या मारत होता.  उपाय सुचला तो मलाच: प्रयोगशाळेतल्या आम्लानं सुती कापड सडेल, चिंच चालेल. चिंचेचं आम्ल सौम्य, शिवाय घरात असतेच. "वा रे पठ्ठ्या!" मित्रानं पाठीवर थाप मारली. त्या थापेच्या वेळी सांगता आलं असतं. वाटेत आम्ही दोघंच होतो.

रविवारी गेलो. वाटेत मोताळ्याच्या बाजारातून दोन शेर चिंच घेतली. चाचांनी झुली टाकून दिल्या नव्हत्या, कोपऱ्यात गोळा करून ठेवल्या होत्या. हंड्यात गरम पाणी, त्यात कोळलेली चिंच. मी पहिली झूल सोडली. शेजारपाजारचे दहा-बारा जण जमले होते. आधी काही नाही. मग कडेनं एक जांभळी रेघ आली, मग डाग, मग सगळं कापडच आतून उजळल्यासारखं जांभळं झालं. एक म्हातारा मोठ्यानं "सुभानअल्ला" म्हणाला. चाचांनी मला उचललंच. खरंच उचललं, मी बारीक होतो आणि ते भट्टीवर काम करणारे. "कालेजवाल्यानं इज्जत राखली माही!" म्हणत मला अंगणात गोल फिरवलं. मी हसत होतो. फुप्पी पाटावर बसून टाळ्या वाजवत होती.

आणि मग कोणीतरी विचारलं, की पण गेला कसा होता रंग?

मित्रानं सगळं सांगितलं. डबा खरा होता. पाण्यात सोडा गेला होता.

अंगणातला आवाज कमी झाला. इतके दिवस दोष नांदुऱ्याच्या डब्याचा होता, घराबाहेरचा होता. आता तो घरात आला, आणि घरात धुण्याचा सोडा कोण वापरतं, नांदीपाशी कोण बसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. चाचांनी बहिणीकडे पाहिलं.

"म्या नाही टाकला," फुप्पी म्हणाली. "मले काय सोडा आन् रंग समजत नाही? एवढी वर्सं झाली."

"मंग कोनं टाकला?"

"म्या नमाजाले गेल्ती तेवढाच येळ. तेव्हा बाबू होता इथं." ती माझ्याकडे वळली. तिच्या बोलण्यात संशय नव्हता. ती मला साक्षीला बोलावत होती. "सांग बाबू, म्या आत असताना कोनी आलं होतं काय नांदीपाशी?"

मी म्हणालो, "नाही. कोनी आलं नाही."

वाक्य खरं होतं. कोणी आलं नव्हतं. मी तिथेच होतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली, माझ्या हातांवर आली. चिंचेत बुडालेले, कोपरापर्यंत जांभळे झालेले हात. त्या नजरेत काय होतं ते मी पंचवीस वर्षं लावतो आहे. आठवड्यापूर्वी तिनं माझा एक हात स्वच्छ पाहिला होता. सोड्यानं रंग जातो हे तिनं आत्ताच ऐकलं होतं. तिला नखावरच्या एका थेंबावरून अख्ख्या हंड्याचं कळायचं. मला वाटतं, तिला कळलं. माझ्याकडे त्याचा दुसरा पुरावा नाही.

ती पाटावरून उठली आणि भावाला म्हणाली, "हाव. माह्याच हातून झालं आसन. धुन्याचा हात तसाच घातला आसन पान्यात."

चाचा रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "राहू दे. थकली तू आता. नांदीपाशी नको बसू आतापासून." आणि लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, चेष्टेनं, "आमची बुढी झाली न!" लोक हसले. ती चाळिशीतली बाई होती.

"हाव न, आता बसून खाते," तीही हसत म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं तिनं मला जेवायला बोलावलं. त्याच गंजात वरण होतं. माझ्या हातावर पाणी घालताना ती हातांकडे बघत नव्हती. वाढताना मात्र नेहमीसारखं म्हणाली, "खाय न पोटभर. देऊळघाटचे लोक एवढंच खातेत काय?"

त्या वर्षी पोळ्याला पाऊसच आला नाही. रंग पक्का होता की कच्चा, कोणालाच कळलं नाही.

पुढची दोन वर्षं मी त्या घरी जात होतो. फुप्पी हिरडे कुटायची, भिंतीच्या पलीकडे, अंगणाकडे पाठ करून. पाट नांदीजवळच होता, त्यावर धुतलेल्या कापडाचे पिळे ठेवलेले असत. एकदा मी चाचांना काठीनं कापड उचलून स्वतःच्या अंगठ्यावर थेंब घेताना पाहिलं. नख उन्हात धरून ते बराच वेळ बघत राहिले. भिंतीपलीकडून कुटण्याचा आवाज येत होता. त्यांनी तिकडे एकदा मान वळवली, पण हाक मारली नाही. कापड तसंच परत हंड्यात सोडलं. मी तिथे होतो. 

मग मी नागपूरला एम.एस्सी.ला गेलो. नोकरीच्या मुलाखतीत कार्बनच्या स्थैर्याचा प्रश्न आला तेव्हा मी झुलींची गोष्ट सांगितली, समिती खूश झाली. "एका बाईनं चुकून" हे शब्द मी पहिल्यांदा तिथे वापरले. नंतर ते तोंडात बसले. पोरांना हा धडा माझ्याकडून चांगला समजतो, असं म्हणतात. परीक्षेत त्या प्रश्नाला माझ्या विद्यार्थ्यांना मार्क पडतात. इथे एखादा दृष्टान्त जोडून, भार वाटून घेण्याबद्दल दोन वाक्यं लिहून स्वतःला हलकं करून घेता येईल. वर्गात ते शोभतं. त्या अंगणात भार वाटला गेला नाही. माझा होता तो एका बाईनं पूर्ण उचलला आणि मी तो उचलू दिला.

चार वर्षांपूर्वी ती वारली. मी भेटायला गेलो. मित्र आता नांदुऱ्याला शाळेत शिकवतो, भेट तिथल्या घरीच झाली. चाचा आधीच गेले, रोहिणखेडचं अंगण बंद आहे. मित्राच्या बायकोनं चहा आणला. पहिला घोट घेऊन ती जीभ चावून म्हणाली, "साखर नाही टाकली वाटते." मित्राचा मोठा मुलगा लगेच म्हणाला, "फुप्पीचा सोडा!" आणि त्या दुखवट्यातही सगळे हसले. मित्रानं मला समजावलं की घरात कोणाचं काही चुकलं की असंच म्हणायची पद्धत पडली आहे. फुप्पी स्वतःही म्हणायची. तो डोळे पुसत होता. म्हणाला, "तुही लय आठवन काढायची. बाबू सर झाला म्हने, पोरायले रंग शिकवते. गंज अजून ठेवेल हाये तिनं. कोनाले वापरू देल्ला नाही."

मी बिनसाखरेचा चहा पिऊन निघालो. एसटी स्टँडपर्यंत मित्र सोडायला आला. वाटभर आम्ही सरांबद्दल बोललो, हिरव्या झालेल्या नळीबद्दल बोललो.

या जुलैत धडा परत आला. मी गोष्ट सांगितली नाही. फळ्यावर सूत्र काढलं, बाण काढले, तास संपवला. एक मुलगी म्हणाली, "सर, ते झुलीचं सांगत असता ना तुम्ही?" मी म्हणालो, पुढच्या वेळी.

फुप्पीशी मला जे बोलायचं होतं ते आता शक्य नाही. पण मित्र आहे, त्याची बायको आहे, आणि "फुप्पीचा सोडा" म्हणून हसणारी त्याची मुलं आहेत. नांदुरा इथून दोन तासांवर आहे. त्यांच्या घरी बसून, त्या सगळ्यांसमोर, सोडा तुमच्या फुप्पीनं नाही, मी टाकला होता, एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे. अजून सांगितलेलं नाही.